लहानू पाटकऱ्याची शेजपाळी

आमच्या नऊ नंबरच्या चारीवर लहानू पाटकऱ्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारा माणूस शोधायचा झाला असता तर पेट्रोमॅक्स घेऊन फिरावं लागलं असतं. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारा. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यातून फुटलेली ही चारी, तिच्यावर एकोणतीस शेतकरी, अठ्ठेचाळीस एकर भाजीपाला, आणि पाणी नेहमी गरजेपेक्षा थोडं कमी. म्हणून शेजपाळी. शेजाऱ्यामागून शेजारी, एकराला चार तास. कुणाच्या शेताचं पाण्याचं दार कधी उघडायचं आणि कधी पाडून बंद करायचं हे लहानूच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या वहीत लिहिलेलं असायचं, आणि त्या वहीपुढे कुणाची मामा-भाच्याची ओळख चालत नसे.

दिसायला हा माणूस शेवग्याची शेंग. खाकी शर्ट, मनगटात एचएमटी, गळ्यात शिट्टी. दार पाडायच्या आधी पाच मिनिटं एक शिट्टी, वेळ झाल्यावर दुसरी. दुसऱ्या शिट्टीनंतर तुमच्या मेथीचा शेवटचा वाफा कोरडा राहिला असेल तर तो तुमच्या आणि मेथीच्या नशिबाचा प्रश्न. वर त्याने एक नियम केला होता: पाणी शेवटच्यापासून सुरू करायचं. आधी टेल, मग वर वर येत सगळ्यात शेवटी चारीच्या तोंडाशी. "तोंडाशी बसलेला उपाशी राहत नाय," तो म्हणे. "शेवटचा राहतो."

तोंडाशी सात एकर होते गोटीरामनानांचे. टोमॅटो, फ्लॉवर, वर्षातून चार वेळा पिंपळगावला गाडी. नानांना नियम आवडत नसे, म्हणून ते रात्री जाऊन बांध फोडत. पंचवीस वर्षांत त्यांनी एकही चोरी कबूल केली नव्हती. सापडले की म्हणत, "उंदरानं बीळ केलं असंल." आमच्याकडे खोरं वापरणारे उंदीर फार. चारीच्या टेलला कुसाबाईचा अर्धा एकर. एकटी म्हातारी, कोथिंबीर आणि मेथी, आणि तोंडात असे शब्द की कोथिंबिरीने कोमेजून जावं. तीही लहानूला शिव्याच घाली, कारण वेळ संपल्यावर तो तिचंही दार पाडत असे. माझं शेत दोघांच्या मधोमध, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या स्पष्ट ऐकू येतील अशा मोक्याच्या जागी. मी शाळेत शिकवून उरलेल्या वेळात शेती करतो. काही लोक हे उलट सांगतात.

तर अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर लहानू चारीवरून चालताना बसला आणि त्याला उठताच येईना. आधी पाय मऊ झाले, दुसऱ्या दिवशी मांड्या, तिसऱ्या दिवशी हात. चौथ्या दिवशी त्याला धड श्वास घेता येईना. शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात टाकला. डॉक्टरांनी नसांच्या एका आजाराचं नाव सांगितलं, ते नाव आमच्यापैकी कुणालाही दुसऱ्यांदा उच्चारता आलं नाही. एवढं कळलं की आजार पायांपासून वर चढतो, आणि बरा होतो तेव्हा वरून खाली उतरतो. आधी श्वास, मग मान, मग हात, आणि सगळ्यात शेवटी पाय.

"म्हणजे डॉक्टर पण तोंडापासूनच पाणी सोडतोय," नाना म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांना बरं वाटलं होतं.

"टेलला पोचंल ना?" लहानूच्या बायकोने, चांगुणाने, विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "पोचेल. वेळ लागेल. पण तोवर श्वास आपल्याला द्यावा लागेल." हॉस्पिटलात श्वासाची दोन यंत्रं होती. एक दुरुस्तीला गेलेलं, दुसऱ्यावर दुसरा पेशंट. यंत्र मोकळं होईपर्यंत लहानूच्या घशातल्या नळीला रबरी फुगा लावून हाताने दाबायचा. मिनिटाला बारा वेळा. चोवीस तास. थांबायचं नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"यंत्र मोकळं होईपर्यंत," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांची उत्तरंही कालवा खात्यासारखीच असतात.

आता इतर कुठलं गाव असतं तर नातेवाईक आलटून पालटून बसले असते. आमच्या लोकांना आलटून पालटून हा प्रकार माहीत नाही. त्यांना फक्त शेजपाळी कळते. हॉस्पिटलच्या जिन्याखाली बैठक झाली, चांगुणाने पिशवीतून लहानूची वही काढली, आणि कुणीतरी हिशेब केला: अठ्ठेचाळीस एकर, एकराला अर्धा तास, म्हणजे चोवीस तास. हिशेब इतका चपखल बसला की तो चुकीचा असू शकेल ही शंकाच कुणाला आली नाही. अशा रीतीने एका माणसाचा श्वास आम्ही एकरी वाटून टाकला. सात एकरवाल्या गोटीरामनानांना साडेतीन तास, मला दीड तास, आणि कुसाबाईला पंधरा मिनिटं. एकाने तर पाण्यासाठी भरतात तो सात नंबरचा अर्ज भरून घ्यावा, म्हणजे नंतर वाद नको, असंही सुचवलं. चांगुणाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने सूचना मागे घेतली.

"पंधरा मिनिटं?" कुसाबाई म्हणाली. "पाणी बी थोडं, जीव बी थोडा. गरिबाची माया काय गुंठ्यावर मोजता का रे मेल्यांनो?"

"वहीत तसंच हाय, मावशी," नाना म्हणाले. "नियम म्हंजे नियम." ज्या माणसाने आयुष्यभर नियमाखालून उंदीर सोडले, त्याच्या तोंडून हे ऐकताना जिना थोडा हलल्यासारखा वाटला.

सुवर्णा सिस्टरने सगळ्यांना फुगा दाबायला शिकवलं. ती येवल्याची, वयाने आमच्या पोरींएवढी, पण वर्गात मी जितका कडक असतो त्याच्या चौपट. एकेकाचा हात धरून "एक, दोन, तीन, चार, सोडा" असं घोकून घेतलं. पहिल्याच पाळीत नानांनी फुगा असा जोरात आणि भराभर पिळला की सिस्टरने त्यांच्या हातावर चापट मारली.

"जास्त देऊ नका. फुप्फुसं फाटतील."

नाना हात चोळत बसले. उभ्या आयुष्यात त्यांना जास्त घेऊ नका हे पुष्कळांनी सांगितलं होतं. जास्त देऊ नका हे पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

सगळ्यात चांगलं जमलं ते कुसाबाईला. तिने सिस्टरची मोजणी ऐकली आणि बाजूला सारली. आयुष्यभर तिने भाजीच्या जुड्या शेकड्याने मोजल्या होत्या, हाताला तीच लय होती. एक दाब म्हणजे एक जुडी. "पंधरा मिनिटात पावणेदोन शेकडा आन् वर पाच," ती म्हणाली. सिस्टरने घड्याळ लावून पाहिलं. एकशे ऐंशी. एक इकडे नाही की तिकडे नाही.

रोज पहाटे भाजीचा टेम्पो मार्केटला जायचा तो परतताना पाळीची माणसं हॉस्पिटलला सोडू लागला. अतिदक्षता विभागाला कोथिंबिरीचा वास यायला लागला. त्या वर्षी कांदा चाळीस रुपये किलोवर गेला होता, त्यामुळे पेशंटला भेटायला येताना सफरचंद आणणं स्वस्त पडत होतं आणि श्रीमंत पाहुणे कांदे आणत होते. सिस्टर एक-दोन घरी न्यायची आणि वर म्हणायची, "नियमात बसत नाही हो."

लहानू सगळं पाहत होता. बोलता येत नव्हतं, बोट हलत नव्हतं, पण डोळे शाबूत होते. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, असं चांगुणाने ठरवून घेतलं होतं. सहाव्या दिवशी दुपारी नानांची पाळी चालू असताना तो भराभर पापण्या मिटायला लागला. दोनदा, दोनदा, दोनदा. सिस्टर धावली, नळी पाहिली, नाडी पाहिली, डॉक्टरांना हाक मारली. लहानूची नजर समोरच्या भिंतीवर खिळलेली.

चांगुणाने मागे वळून भिंत पाहिली. घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

"काय होत नाय त्यांना, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "नानांची पाळी चारला संपली."

नानांनी फुगा पुढच्याच्या हातात दिला. चारीच्या इतिहासात त्यांनी बिनतक्रार दार सोडण्याची ही पहिली वेळ. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मरायला टेकलाय आन् घड्याळ बघतोय. काय माणूस हाय का काय." त्यांचे डोळे ओले होते, पण त्याबद्दल विचारलं असतं तर त्यांनी उंदरावर ढकललं असतं.

यानंतर मात्र आमच्या लोकांनी मूळ स्वभावावर यायला सुरुवात केली. श्वासाची चोरी सुरू झाली. कुणी दहा मिनिटं आधीच येऊन फुग्याला हात घाली, कुणी संपली तरी सोडेना. दोघे भाऊ पाळीच्या वाटणीवरून कॉरिडॉरमध्ये हमरीतुमरीवर आले. आणि सगळ्यात मोठी चोर निघाली कुसाबाई. नाना डबा खायला गेले की ती त्यांच्या स्टुलावर. टेलच्या माणसाने तोंडाशी बसलेल्याचं चोरलं, असं पाटबंधाऱ्याच्या आजवरच्या इतिहासात घडलं नसेल. उरलेल्या वेळात ती लहानूच्या पायांशी बसून अंगठे चोळायची. "टेलला कुणी तरी बघायला नको का," म्हणायची.

अकरा दिवसांनी यंत्र मोकळं झालं. आमच्या लोकांना यंत्राचा राग आला. यंत्र बरोबर देतं का यावर लक्ष ठेवायला ते वहीप्रमाणे, एकरी वेळेनुसार, येऊन बाकावर बसत राहिले. डॉक्टरांनी समजावलं, सिस्टरने दटावलं. नाना म्हणाले, "मशीनला काय, रात्री झोप लागली तर?"

आजार खरोखर वरून उतरायला लागला. नोव्हेंबर संपता संपता मान वळली. मग हळूहळू यंत्र काढलं, नळीसाठी गळ्याला पाडलेलं भोक बुजवलं, डिसेंबरात आवाज आला. घोगरा, फाटका, पण आवाज. पहिले शब्द काय असतील याबद्दल आम्ही पैजा लावल्या होत्या. चांगुणा म्हणत होती देवाचं नाव. लहानूने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "नोव्हेंबरची पाळी कशी गेली?"

इथे माझी चूक झाली. मला वाटलं माणूस आजारातून उठतोय, चांगली बातमी द्यावी. आणि बातमी खरोखर चांगली होती. मी म्हणालो, "लहानूभाऊ, काही काळजी करू नका. आजवर इतकी चांगली पाळी झाली नव्हती. टेलपर्यंत पाणी पोचलं, एक बांध फुटला नाही, एक भांडण नाही. वेळेच्या आधी संपली."

हे अक्षरशः खरं होतं. कारणही साधं होतं. चारीवरचे सगळे पाणीचोर हॉस्पिटलात बसले होते. दारं घरच्या बायकापोरांनी सांभाळली, आणि चोरी करायला मनुष्यबळच शिल्लक नव्हतं.

लहानूने नजर माझ्यावरून काढून छताकडे वळवली. चांगुणाने मला बाहेर बोलावून विचारलं, "गुरुजी, तुम्हाला शाळेत कुनी ठेवलं?"

दुसऱ्या दिवसापासून तो व्यायाम करेना. तोवर हातात बळ आलं होतं, मांडीत थोडं उतरलं होतं, गुडघ्याखाली मात्र सगळं कोरडं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, पाय उचला. लहानू म्हणायचा, कशाला. त्यांनी सांगितलं, तुम्हाला चारीवर जायचंय ना. तो म्हणाला, "चारी चालतीय." एक आठवडा गेला, दोन गेले. डॉक्टर म्हणाले, आजार आपलं काम करतोय, माणूस करत नाहीये. आता प्रयत्न केला नाही तर पाय असेच राहतील. चांगुणा जिन्याखाली जाऊन पदर तोंडाला लावून बसली. आम्ही सगळे तिच्या आजूबाजूला, एकरांच्या हिशेबाने नव्हे, मिळेल तिथे.

"त्याला सांगा पाणी चोरलं म्हणून," कुसाबाई म्हणाली.

"कुणी चोरलं म्हणून सांगायचं?" मी विचारलं.

सगळ्यांनी मान वळवून नानांकडे पाहिलं.

"मी चोरलं नाय," नाना म्हणाले. पंचवीस वर्षांत हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा म्हटलं होतं आणि ते पहिल्यांदाच खरं होतं. "देवाशपथ नाय चोरलं. मी हितं फुगा दाबत होतो."

"म्हाईत हाय," चांगुणा म्हणाली. "तरी बी सांगा, नाना."

नाना अर्धा तास जिन्याखाली येरझाऱ्या घालत होते. केलेली चोरी नाकारायचा सराव दांडगा होता. न केलेली कबूल करायची कशी, याचं शिक्षण नव्हतं. शेवटी टोपी काढून पुन्हा घातली आणि वर गेले. मागोमाग आम्ही.

"लहानूभाऊ, त्या गुरुजीला काय कळतंय. नोव्हेंबरच्या पाळीत मी बांध फोडला व्हता."

लहानूने मान वळवली. "कुठं?"

नानांनी ही तयारी केली नव्हती. इकडेतिकडे पाहिलं. आणि मग जे खरं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. "आंब्याच्या खालच्या मोरीपाशी. मोरीत पोतं कोंबलं, वरून दगड, आन् डाव्या अंगानं पाट काढून फ्लॉवरमधी सोडलं. वर गवत टाकलं, दिसू नये म्हणून." ही चार वर्षांपूर्वीची, खरीखुरी चोरी होती. त्या साली कुसाबाईची अख्खी कोथिंबीर गेली होती आणि लहानू आंब्याखाली तीन दिवस बीळ शोधत होता.

कुसाबाई पायांशी बसलेली, हात सवयीने अंगठ्यावर. ती ऐकता ऐकता थांबली. "म्हंजे ते पोतं तुझं व्हतं व्हय रे गोट्या?" तिने विचारलं. मग आपण कशासाठी आलोय ते आठवून तिने पदर डोळ्यांना लावला. "जळाली रे लहान्या, माझी कोथिंबीर जळाली." तिच्या पिशवीतून सकाळीच तोडलेली कोथिंबीर हिरवीगार डोकावत होती. मी ती पायाने खाटेखाली सरकवली. तेवढं तरी मला जमलं.

लहानूचा चेहरा लाल झाला. "पोतं," तो म्हणाला. "आन् मी उंदराचं बीळ शोधतोय." त्याने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली, मान उचलली, आणि नानांच्या दिशेने असा झेपावला की पाय मागे राहिले तर राहोत. पाय फार मागे राहिले नाहीत.

"थांब," कुसाबाई म्हणाली. "थांब, लहान्या, हलू नको. नाय, हल. परत हल." तिने दोन्ही हात वर केले. डाव्या पायाचा अंगठा आपला आपण वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला.

"टेलला आलं," ती म्हणाली. एवढंच. आणि लगेच उजव्या अंगठ्याला लागली.

फेब्रुवारीत लहानू वॉकर घेऊन घरी आला. मार्चात उन्हाळी पाणी सुटलं. आमचे लोक तोवर पूर्ण बरे झाले होते, म्हणजे पुन्हा चोऱ्या करायला लागले होते. पाणी टेलपासून वर वर येत सगळ्यात शेवटी नानांच्या दारावर आलं. सात एकरांचे अठ्ठावीस तास. लहानूने वहीत चोवीस लिहिले.

"चार तास कसे कापले?" नानांनी विचारलं.

"पोतं."

"भाऊ, नोव्हेंबरात मी खरंच काय केलं नव्हतं. ते तुला उठवायला खोटं सांगितलं. विचार चांगुणावहिनीला."

"म्हाईत हाय. कोथिंबीर बी हिरवी व्हती," लहानू म्हणाला. "पन मोरी खरी व्हती."

पाणी बंद करायची वेळ आली दुपारी चारची. मी माझ्या बांधावरून पाहत होतो. रस्त्यापासून नानांच्या दारापर्यंत दोनशे पावलं. पूर्वी लहानू ती तीन मिनिटांत जायचा. आता साडेतीनलाच निघाला. वॉकर पुढे, मग डावा पाय, मग उजवा, मग दम. नाना दाराशी दगडावर बसले होते. हात द्यायला उठले असते तर लहानू लवकर पोचला असता आणि पाणी लवकर गेलं असतं, असा सरळ हिशेब असणार. ते जागचे हलले नाहीत. पाच मिनिटं उरली तेव्हा लहानूने थांबून शिट्टी वाजवली. शिट्टीत पूर्वीची हवा नव्हती, पण ऐकू आली.

तो चारला दाराशी पोचला, वॉकर बाजूला टेकवला आणि लोखंडी पत्र्याला हात घातला. पत्रा गंजलेला, वरून पाण्याचा दाब. एकदा ओढला, दोनदा ओढला. पत्रा खाली येईना. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही, मदत मागितली नाही, तिसऱ्यांदा हात घातला. पाणी नानांच्या फ्लॉवरमध्ये आरामात चाललं होतं, आणि फ्लॉवरची शेवटची सरी अजून अर्धी कोरडी होती.

नाना दगडावरून उठले. लहानूचे हात पत्र्यावरच होते, त्यांच्या शेजारी आपले ठेवले, गुडघा लावला आणि दार पाडलं. स्वतःचं. मग पोतं आणून त्याच्या फटीत स्वतःच कोंबलं. पोतं कोंबण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

लहानू दगडावर बसला, दम खाल्ला, खिशातून वही काढली आणि लिहिलं. मी संध्याकाळी जाऊन पाहिलं. नानांच्या नावापुढे लिहिलं होतं: "दोन मिनिटं उशीर."